प्रश्न घेऊन निघालेले वाटसरू

मार्गशीर्षातील थंडी गोदातीरावर स्थिरावते, दत्तजयंतीचा उत्सव पार पडतो, आणि आमच्या या क्षेत्रात आणखी एका सणाची चाहूल लागते. पंचवटीतून नदी ओलांडून शरणपुराच्या बाजूस गेले की, तेथील ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर कागदी चांदण्या टांगलेल्या दिसतात. प्रत्येक चांदणीच्या पोटात एकेक दिवा तेवत असतो. बालपणी आम्हांस ती दिवाळीतील आकाशकंदिलाची धाकटी बहीणच वाटे. पुढे वाचन वाढले तेव्हा उमगले की, या चांदणीमागे एक आख्यान आहे आणि त्या आख्यानाच्या आरंभी एक प्रश्न आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते येते. पूर्वेकडील काही ज्ञानी पुरुष, ताऱ्यांच्या उदयास्ताचा वेध घेणारे, यरुशलेम नगरीत येतात आणि यहुद्यांचा नुकताच जन्मलेला राजा कोठे आहे, अशी पृच्छा करतात. एवढ्या एका प्रश्नाने हेरोद राजा अस्वस्थ होतो. तो मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना एकत्र बोलावून तोच प्रश्न त्यांना घालतो. ते धर्मग्रंथाचा आधार देऊन सांगतात की, जन्मस्थान बेथलेहेम. उत्तर बिनचूक होते. बेथलेहेमही काही दूर नव्हते. यरुशलेमेपासून सुमारे तीन कोसांवरचे गाव. परंतु उत्तर देणाऱ्यांपैकी एकही जण तिकडे गेल्याचे मत्तय लिहीत नाही. गेले ते परके, दूरदेशीचे, केवळ एक प्रश्न पदरी बांधून निघालेले वाटसरू.

मराठी बायबलात त्या उत्तर देणाऱ्या पंडितांसाठी ‘शास्त्री’ हाच शब्द योजलेला आहे. आमच्या घराण्यातही ही पदवी तीन पिढ्या चालत आलेली. प्रथम वाचताना तो शब्द आम्ही सहज ओलांडून गेलो. पुढे एक प्रसंग असा घडला की, तोच शब्द आम्हांस बोचू लागला. तो प्रसंग यथाक्रम सांगूच. तूर्त, नाताळच्या निमित्ताने ख्रिस्ती धर्मग्रंथात प्रश्नाला कोणते स्थान आहे, याचा विचार वाचकांसमवेत करावा असा हेतू आहे.

कीर्तनकाराने बायबलाचे आख्यान का लावावे, असे कोणी विचारील. त्यात नवल काहीच नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्राहाम, योसेफ यांची चरित्रे मराठी कीर्तनांतून गायिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तचरित्रासाठी कीर्तनाचा बाज स्वीकारला. शिवाय आपल्याकडे तर प्रश्नावाचून शास्त्राचा आरंभच होत नाही. नचिकेत्याने विचारले म्हणून कठोपनिषद झाले. अर्जुन गोंधळला म्हणून गीता झाली. यास्तव दुसऱ्याच्या घरातील प्रश्नांकडे पाहताना आमच्या वाचकांस परकेपणा वाटू नये.

आद्य प्रश्न

सर्वसामान्य समज असा की, ख्रिस्ती धर्म म्हणजे निमूट विश्वास. तेथे शंकेला थारा नाही. बायबल उघडले की हा समज फार काळ टिकत नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात पहिला प्रश्न येतो तो सर्पाच्या मुखी. बागेतील कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नये असे देवाने खरोखर सांगितले आहे काय, असे तो स्त्रीला विचारतो. देवाने वर्ज्य केले होते ते एकच झाड. सर्प नाव घेतो सगळ्या झाडांचे. आकार प्रश्नाचा आहे, पण आत जिज्ञासा नाही. ऐकणाऱ्याच्या मनात विष कालवावे, एवढाच हेतू. हा प्रश्न देवाला विचारलेला नाही. तो देवाच्या पाठीमागे विचारलेला आहे.

लगेच दुसरा प्रश्न येतो तो प्रत्यक्ष देवाच्या मुखी. फळ खाऊन आदाम आणि हव्वा झाडांआड दडतात. सांजवाऱ्यात बागेत फिरणारा देव आदामाला हाक मारून तो कोठे आहे असे विचारतो. जो सर्वज्ञ, त्यास हे ठाऊक नव्हते काय? यहुदी आणि ख्रिस्ती भाष्यकार सांगतात की, हा प्रश्न माहिती मिळविण्यासाठी नसून लपलेल्याने आपण होऊन बाहेर यावे यासाठी आहे. रुसून माजघरात दडलेला नातू दिसत असतानाही आजी ‘कुठं गेलं गं माझं बाळ’ म्हणून हाक घालते, त्यातलाच हा प्रकार. पुढे काइन भावाचा वध करतो. देव त्यास हाबेलाचा ठावठिकाणा विचारतो, तेव्हा आपण काय भावाचे राखणदार आहोत, असा उलट प्रश्न करून काइन अंग काढून घेतो. पहिल्या चार अध्यायांतच अशा तीन जाती दिसतात: फूस लावणारा प्रश्न, बाहेर बोलावणारा प्रश्न आणि अंग चोरणारा प्रश्न.

चौथी जात अब्राहामाच्या आख्यानात आढळते, आणि ती आम्हांस फार मोलाची वाटते. सदोम नगरीचा नाश होणार असे कळताच हा वृद्ध भक्त देवासमोर उभा राहतो आणि विचारतो की, दुष्टांबरोबर सज्जनांचाही संहार करणार काय. सर्व जगाचा जो न्यायाधीश, त्यानेच न्याय करू नये काय? नगरीत पन्नास नीतिमान निघाले तर? देव म्हणतो, मग नाश करणार नाही. पंचेचाळीस निघाले तर? चाळीस? तीस? वीस? दहा? मंडईत घासाघीस करावी तसा हा भक्त आकडा खाली आणीत जातो आणि देव प्रत्येक वेळी मान्य करतो. तो रागावत नाही, उर्मटपणाचा ठपका ठेवीत नाही. प्रश्न धारदार आहे. परंतु तो दुसऱ्यांच्या प्राणांसाठी, देवाच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारलेला आहे.

निर्गमाच्या बाराव्या अध्यायात तर प्रश्नाची सोय विधीतच करून ठेवलेली दिसते. मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेचा वल्हांडण सण पाळताना, मुलांनी या उपासनेचा अर्थ विचारला म्हणजे त्यांस काय सांगावे, हे तेथे नेमून दिलेले आहे. यहुदी घरांत त्या रात्री आजही लहान मूल प्रश्न विचारते आणि मग वडीलधारी माणसे ती कथा सांगतात. सणाच्या दिवशी मूल ‘हे का करायचं?’ म्हणाले की ‘गप्प बैस, देव कोपेल’ असे म्हणणाऱ्या आपल्या कित्येक घरांनी यावर क्षणभर थांबावे.

ईयोबाची कथा

आता तो प्रसंग. सुमारे वीस वर्षांपूर्वीचा चातुर्मास. मंदिराच्या सभामंडपात आमची कीर्तने चालू होती. एके रात्री आरती झाली, श्रोते पांगले, आणि खांबाशी बसलेली एक माउली पुढे आली. तिचा आठ वर्षांचा मुलगा त्याच पावसाळ्यात तापाने गेला होता. तिने हात जोडून विचारले, “बुवा, माझ्या लेकरानं कुणाचं काय वाईट केलं होतं हो?”

आम्हांस उत्तर शोधावे लागले नाही. पूर्वसंचित, ऋणानुबंध, जेवढे देणे तेवढाच सहवास; जिभेवर तयार असलेले सगळे आम्ही तिला ऐकविले. शास्त्रदृष्ट्या त्यात चूक नव्हती. तिने मान हलविली, प्रसाद न घेताच वळली आणि पायऱ्या उतरून गेली. दुसऱ्या रात्री खांबाजवळची जागा रिकामी होती. तिसऱ्या रात्रीही ती आली नाही.

शरणपुराच्या बाजूस एक निवृत्त शिक्षक राहत. ख्रिस्ती गृहस्थ, परंतु आमच्या कीर्तनास मागील रांगेत येऊन बसण्याचा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. मनातली टोचणी आम्ही त्यांना बोलून दाखविली. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी जुने मराठी बायबल आणले, ईयोबाच्या पुस्तकात कागदाची पट्टी घातली आणि म्हणाले, “बुवा, हे निवांत वाचा. मग बोलू.”

ईयोब हा ऊस देशीचा सात्त्विक पुरुष. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, अपार संपदा. कथेला सुरुवात होते ती सैतानाच्या प्रश्नाने: हा मनुष्य देवाला भजतो ते काही लाभावाचून काय? सकाम भक्ती आणि निष्काम भक्ती यांचा जो विचार आपण कीर्तनात मांडतो, तोच येथे स्वर्गाच्या दरबारात उपस्थित झालेला आहे. परीक्षा घेण्यासाठी ईयोबाचे सर्वस्व जाते. एकाच दिवशी संपत्ती जाते, मुलेबाळे घर कोसळून मरतात. पुढे त्याच्या सर्वांगाला गळवे फुटतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवीत राहतो.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र सांत्वनाला येतात. त्याची दशा पाहून ते मोठ्याने रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी एक अक्षर बोलत नाही. मग ईयोबाच्या तोंडून दुःख फुटते. आपण जन्मलोच का, देवाने आपल्यालाच निशाणा का केले, दुष्ट सुखात का नांदतात, असे एकामागून एक प्रश्न तो आभाळाकडे फेकतो. आता मित्रांना राहवत नाही. ते देवाची बाजू घेऊन बोलू लागतात. देव न्यायी आहे, ज्या अर्थी शिक्षा झाली त्या अर्थी पाप असलेच पाहिजे. तू काही केले असशील, तुझ्या मुलांनी केले असेल. अध्यायामागून अध्याय हा वाद चालतो. ईयोब एकच सांगत राहतो की, तुम्ही बोलता ते मलाही ठाऊक आहे. मला तुमच्याशी बोलायचे नाही, देवाशी बोलायचे आहे.

अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो. परंतु उत्तर म्हणून नव्हे. तोही प्रश्नच विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा ईयोब कोठे होता? समुद्राला दारे कोणी लावली? हिमाची भांडारे त्याने पाहिली आहेत काय? रानातील हरिणी केव्हा विते, हे त्यास ठाऊक आहे काय? एकेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ही प्रश्नमाला चालते. मुले का गेली, याचे कारण देव शेवटपर्यंत सांगत नाही. तरीही ईयोब निवतो. आजवर केवळ कानांनी ऐकलेल्या देवाला आता डोळ्यांनी पाहिले, एवढेच त्यास पुरते.

यानंतर येते ते आमच्या वर्मी लागले. देव अलीफजाला सांगतो की, तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा कोप झाला आहे. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. ज्यांनी देवाची तरफदारी केली ते दोषी ठरले. ज्याने देवाला जाब विचारला तो यथार्थ बोलला असे देवच म्हणाला. आणि त्या तिघांना क्षमा मिळते तीही ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केल्यावरच.

पुस्तक परत करावयास गेलो तेव्हा मास्तर एवढेच म्हणाले, “त्या तिघांनी पहिले सात दिवस केलं, तेच बरोबर होतं, बुवा. मग ते बोलायला लागले.”

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. कर्मसिद्धांत असत्य आहे असे आम्ही म्हणत नाही. आमची त्यावर निष्ठा आहे. परंतु तो सिद्धांत मनुष्याने स्वतःच्या दुःखाकडे पाहताना, स्वतःच्या अंतःकरणात उतरवावयाचा आहे. दुसऱ्याच्या चितेसमोर उभे राहून तो त्याच्या अंगावर फेकावयाचा नाही. हे आम्हांस आमच्या ग्रंथांतूनही कळावयास हवे होते. कळले मात्र ईयोबाच्या राखेपाशी.

येशूचे प्रश्न

नाताळ हा येशूच्या जन्माचा सण. आणि लूकाच्या शुभवर्तमानात त्या जन्माच्या आधीच दोन प्रश्न येतात. जखऱ्या हा वृद्ध याजक मंदिरात धूप जाळीत असता गब्रीएल हा देवदूत त्यास पुत्र होईल असे सांगतो. हे कशावरून समजावे, असे तो विचारतो, आणि मुलाच्या नामकरणापर्यंत त्याची वाचा जाते. पुढे तोच देवदूत मरीया या कुमारिकेकडे येतो. हे कसे घडेल, असे तीही विचारते. तिला मात्र प्रेमाने समजावून सांगितले जाते. वरवर पाहता दोन्ही प्रश्न सारखेच. भाष्यकार भेद दाखवितात तो असा की, जखऱ्याने पुरावा मागितला, मरीयेने वाट विचारली. एकाचा प्रश्न दार लावून घेणारा, दुसरीचा दार उघडणारा. आणि दोहोंत, बोलण्याचे काम ज्याच्याकडे होते त्या याजकाचीच वाणी बंद झाली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

येशू बारा वर्षांचा असता वल्हांडणासाठी आईवडिलांबरोबर यरुशलेमेस गेला आणि मागे राहिला. तीन दिवसांनी तो सापडला तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकताना आणि त्यांना प्रश्न विचारताना. मरीयेने काकुळतीने जाब विचारला, तेव्हा त्याचे उत्तरही प्रश्नच होते: माझा शोध का करीत होता? लूकाच्या ग्रंथात येशूच्या मुखातून निघालेले हे पहिलेच बोल.

पुढे धर्मोपदेश करताना त्याची हीच रीत राहिली. विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देण्यापेक्षा प्रश्नाने प्रश्न उलगडणे त्यास अधिक आवडे. कैसराला कर द्यावा की नाही, असे कपटाने विचारणाऱ्यांकडून त्याने नाणे मागविले आणि त्यावर मुद्रा कोणाची, असे त्यांनाच विचारले. ‘आपला शेजारी कोण’ असे एका धर्मशास्त्र्याने विचारले, तेव्हा त्याने वाटेत लुटला गेलेला मनुष्य, त्यास टाळून पुढे गेलेला याजक आणि लेवी, आणि त्याच्या जखमा बांधणारा परका शोमरोनी यांची कथा सांगितली. शेवटी विचारले की, या तिघांपैकी त्या मनुष्याचा शेजारी कोण ठरला? शास्त्र्याने विचारले होते की प्रेम कोणावर करावे. परत आला तो प्रश्न असा की, तू स्वतः कोणाचा शेजारी होतोस?

त्याचे काही प्रश्न फार हळुवार आहेत. बार्तिमय नावाचा आंधळा भिकारी त्याचा धावा करतो, तेव्हा आपण त्याच्यासाठी काय करावे, असे तो विचारतो. आंधळ्याला काय हवे हे दिसत नव्हते काय? परंतु भिकाऱ्याला त्याची इच्छा विचारणे, यातच त्याचा मान आहे. ज्या पेत्राने अटकेच्या रात्री गुरूला तीनदा नाकारले, त्यास पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी तीनदा एकच विचारले जाते की, माझ्यावर प्रेम आहे काय? दोषारोपाचा शब्द नाही. तीन नकार त्या तीन प्रश्नांत धुऊन निघतात.

आणि एक प्रश्न असा की, त्यापुढे पंडितांनीही मान खाली घालावी. मत्तय आणि मार्क यांनी क्रूसावरील येशूचे एकच वचन नोंदविले आहे. देवा, माझा त्याग का केलास, या आशयाची ती आर्त हाक आहे. स्तोत्रसंहितेतील बाविसाव्या स्तोत्राचा तो आरंभ होय. त्या संहितेच्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी अशीच आहेत. ‘कोठवर’ आणि ‘का’ या दोन शब्दांनी भरलेली. ख्रिस्ती श्रद्धेनुसार जो स्वतः देवाचा पुत्र, त्याच्या मुखीही प्राण जाताना प्रश्न आहे, आणि आभाळातून उत्तर येत नाही. म्हणून विचारणारी श्रद्धा ही दुबळी श्रद्धा, असे म्हणण्यास तेथे जागाच उरत नाही. हाक मारली जाते ती ज्याने टाकले असे वाटते, त्यालाच.

थोमा या शिष्याचेही असेच. जखमा पाहिल्यावाचून पुनरुत्थानावर विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. इतर शिष्यांनी त्यास बाहेर घालविले नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणूनच त्यास दर्शन घडले. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असे येशूने त्यास सांगितले खरे. पण आधी जखमा दाखविल्या. याच थोमाने भारतात येऊन धर्मप्रचार केला, अशी केरळातील प्राचीन ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे.

पूर्वपक्षाची परंपरा

पुढील काळातील ख्रिस्ती पंडितांनी हे बीज जोपासले. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा महाग्रंथ पाहिला तर मीमांसेच्या अभ्यासकास घरी आल्यासारखे वाटते. आपल्या अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय असा क्रम असतो; अक्वायनस आधी प्रश्न मांडतो, मग प्रतिपक्षाचे आक्षेप, मग विरुद्ध प्रमाण, मग स्वतःचे उत्तर आणि अखेरीस एकेका आक्षेपाचे निरसन. देव आहे काय, हा प्रश्नही त्याने वगळलेला नाही; आणि नाही असे म्हणणाऱ्याची बाजू त्याने आधी मांडली आहे. डिसेंबर १२७३ मध्ये उपासनेच्या वेळी त्यास काही अनुभव आला आणि त्याने लेखणी खाली ठेवली. आपण लिहिलेले सारे आता गवताच्या काडीसारखे वाटते, असे तो म्हणाल्याची परंपरा आहे. ग्रंथ अपुरा राहिला. सामान्य जनांसाठीही प्रश्नोत्तरांची पुस्तके निघाली. १५६३ मधील हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत १२९ प्रश्न असून पहिलाच प्रश्न जीवनात आणि मरणात मनुष्याचा दिलासा कोणता, हा आहे.

तथापि इतिहास एकसुरी नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या धर्मग्रंथाने ईयोबाला मान दिला, त्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनी १६३३ साली गॅलिलिओला गुडघ्यांवर बसवून त्याचे मत सोडावयास लावले. आणि आपल्या गोव्यात १५६० पासून जे धर्मन्यायालय चालले त्याच्या आठवणी अद्याप पुसलेल्या नाहीत. अशाच काळात, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या मराठी ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण श्रोता उठून पाद्रीगुरूला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास मनाई झाली, मग त्यांच्या जागी तुम्ही आम्हांस दुसरे का देत नाही? आपल्याकडील एवढा मोठा काव्यग्रंथ एका श्रोत्याच्या तक्रारीतून उगम पावल्याचे त्याचा कवीच सांगतो.

पंडिता रमाबाईंचे स्मरण येथे सहज होते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या; पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडलेले घर. १८७८ साली कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराविषयी वाचकांचे मत काहीही असो. त्यानंतरही त्यांचे प्रश्न थांबले नाहीत, हे लक्षणीय आहे. त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी आणि धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी त्यांनी आपल्याला शिकविणाऱ्या भगिनींशी पत्रांतून वाद घातला. वरिष्ठांना ते रुचले नाही; विवेकबुद्धीला पटल्यावाचून मान डोलाविणे रमाबाईंना जमले नाही. पुढे केडगावी अनाथ स्त्रियांचा सांभाळ करीत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, आणि १९२२ साली देह ठेवीपर्यंत ते काम सोडले नाही. प्रश्न विचारणारी शिष्याच शेवटपर्यंत त्या ग्रंथापाशी बसून राहिली.

परंतु या साऱ्यांत आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो ऑगस्टीन. इसवी सन ४००च्या सुमाराचा त्याचा आत्मकथनपर ग्रंथ जवळजवळ सगळा देवाशी केलेला संवाद आहे. त्याच्या अकराव्या खंडात एक शंका येते: सृष्टी निर्माण करण्यापूर्वी देव काय करीत होता? कोणी एकाने याचे थट्टेखोर उत्तर दिले होते की, अशा खोल गोष्टी उकरणाऱ्यांसाठी देव नरक तयार करीत होता. ऑगस्टीन म्हणतो की, असे उत्तर आपण देणार नाही. विचारणाऱ्याची टर उडवून टाळ्या मिळविण्यापेक्षा, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणणे आपण पत्करू.

हे वाचले त्याच संध्याकाळी आम्ही त्या माउलीचे घर विचारीत गेलो. दोन खोल्यांचे घर. खुंटीला मुलाचे दप्तर अजून टांगलेले. तिने सतरंजी घातली, पाणी दिले आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आम्ही म्हणालो, “बाई, आम्हांला ठाऊक नाही. त्या दिवशी ठाऊक असल्यासारखे बोललो, ते चुकले.” ती रडू लागली. आम्ही काही बोललो नाही. दिवेलागण झाली तेव्हा ती उठली, देवापाशी निरांजन लावले आणि म्हणाली, “बुवा, त्याला तुमच्या कीर्तनातला झांजांचा आवाज आवडायचा.” त्या घरातून परतताना प्रथमच आम्हांस मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातील तो शब्द बोचला. उत्तर अचूक सांगून यरुशलेमेतच बसून राहिलेले शास्त्री आम्हीच होतो. तीन कोसही चालावे लागले नसते; तिचे घर मंदिरापासून चार गल्ल्यांवर होते.

मास्तर आता नाहीत. त्यांच्या दारावर त्यांचा नातू चांदणी लावतो. यंदा आम्ही तिकडून जात असता तो शिडीवर उभा होता, आणि खाली उभी असलेली त्याची चिमुरडी मुलगी विचारीत होती, “बाबा, चांदणी दारावरच का लावायची?” तिचे बाबा हातातले काम थांबवून खाली उतरले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसून पूर्वेकडून आलेल्या त्या वाटसरूंची गोष्ट सांगू लागले. आमचा पायही क्षणभर तेथेच अडखळला.

वाचकहो, या आठवड्यात आपल्या शेजारी कोणाच्या दारी अशी चांदणी दिसली तर थांबून शुभेच्छा द्याव्या. आणि आपल्या घरी एखाद्या लेकराने, सुनेने, दुःखाने खचलेल्या कोणी ‘असं का?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर त्यांच्याजवळ जमिनीवर बसावे. सर्वांस नाताळ सुखाचा जावो.